आमच्या इमारतीत अर्थ नसल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
वीजपुरवठा उपविभाग कार्यालय (दुसरा मजला, जिन्याशेजारी)

विषय : इमारतीच्या मीटरखोलीचे सील उघडून अर्थिंग जोडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) त्यावर आपण दिलेले उत्तर. ३) माझा दुसरा अर्ज. ४) त्यावर आपण मागवलेला फोटो.

महोदय,

१. मी अर्जदार घरोघरी जाऊन बाळंतिणींची व नवजात बाळांची तपासणी करणारी परिचारिका आहे. चोवीस वर्षे हे काम स्कूटरवर केले. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली. आमच्या घराण्यातील ही पहिलीच चारचाकी. त्यामुळे तिच्यासोबत काय काय घ्यावे, याबद्दल घरात कोणालाच काही ठाऊक नव्हते आणि प्रत्येकाला खात्रीने सांगायचे होते.

२. दुकानदाराने चार्जिंगच्या सतरा वस्तूंची यादी हाती दिली. "ताई, हे सगळं आवश्यकच आहे," असे तो म्हणाला. मग अनावश्यक काय आहे, असे मी विचारल्यावर त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते. माझे यजमान बुकबाइंडर असल्याने त्यांचा ओढा केबलच्या कातडी पिशवीकडे होता. सासूबाईंचे मत असे की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून घरचाच एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडावा, वेगळे काही कशाला. माहितीपुस्तिकेत नेमके तेच करू नये असे ठळक अक्षरांत छापले आहे. ते मी त्यांना वाचून दाखवले. "छापणाऱ्याला काय जातंय," असे त्या म्हणाल्या. दोन तास खल करून आम्ही पाच वस्तू निवडल्या : सोबत नेता येईल असा चार्जर, सोळा अँपिअरचा मजबूत सॉकेट, त्यावर कुलपाची पेटी, केबल टांगायला भिंतीवरचा हूक, आणि तीन दिव्यांचा एक लहानसा टेस्टर. हा टेस्टर यजमानांनी केवळ छान दिसतो म्हणून घेतला.

३. सॉकेट बसवला, चार्जर लावला. लाल दिवा लागला. दुकानदाराने चार्जर बदलून दिला. लाल. पुन्हा बदलून दिला. तरी लालच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, आता तुम्ही भिंत बदलून बघा." मला राग आला. मी गाडी सार्वजनिक चार्जिंगच्या ठिकाणी रांगेत लावून कशीबशी दिवस ढकलू लागले.

४. अशातच एका मंगळवारी दुपारी फोन आला. शहराबाहेरच्या वसाहतीत एका बाईला वेणा सुरू झाल्या होत्या, तारखेला तीन आठवडे बाकी होते आणि रुग्णवाहिका दुसरीकडे गुंतली होती. गाडीत नऊ टक्के चार्जिंग. मी काचा खाली केल्या, पंखा बंद केला, रेडिओ बंद केला आणि बैलगाडीच्या चालीने निघाले. पोहोचले तेव्हा दोन टक्के उरले होते. अर्ध्या तासाने मुलगी झाली. जरा उशिराने रडली, पण रडली ती सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशी. बाळाचा बाप वेल्डर आहे. त्याला आनंदाने काय करावे सुचेना, म्हणून त्याने माझा चार्जर उचलला आणि शेजारच्या आपल्या कारखान्यात नेऊन लावला. हिरवा दिवा लागला. तो मी प्रथमच पाहत होते. "चार्जर ठणठणीत आहे सिस्टर, घरचं अर्थिंग तपासून घ्या," असे त्याने सांगितले. विजेचा धक्का माणसाऐवजी जमिनीत जावा यासाठी ही तार असते, हेही त्यानेच समजावले. दुकानदाराला मी मनातल्या मनात जे बोलले होते, ते तिथेच परत घेतले.

५. आमच्या पहिल्या मजल्यावर एक निवृत्त वायरमन राहतात. त्यांना सगळे फ्यूजकाका म्हणतात. तीन दिव्यांचा टेस्टर घेऊन ते अठराही घरांत फिरले. सगळीकडे एकच उत्तर : अर्थिंग नाही. शेवटी मीटरखोलीच्या भिंतीतून निघालेली अर्थिंगची पट्टी त्यांनी अंगणापर्यंत शोधली. ती जमिनीपासून वीतभर वर, हवेतच संपते. ती जिथे जमिनीला जोडायची, तो खालचा खड्डा बारा वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा बुजवला गेला. काकांनी जिन्यात उभे राहून जाहीर केले, "या इमारतीत काही अर्थ नाही!" ती फरशी सोसायटीच्या चिटणीसांनी स्वतः उभे राहून घालून घेतली होती. त्यांनी हे वाक्य व्यक्तिशः घेतले आणि बत्तीस वर्षांत कोणाला अर्थिंग लागले नाही, आता एका मोटारीला बरे लागते, असे सुनावले.

६. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. सासूबाई अकरा वर्षांपासून सांगत होत्या की धुण्याचे मशीन चावते. यजमान दर वेळी म्हणायचे, "आई, मशीन चावत नसतं." मीही परिचारिका असून त्यांना नसांच्या गोळ्या आणून दिल्या. त्या बिचाऱ्या रबरी चपला घालून, लाकडी पळीने बटण दाबत राहिल्या. टेस्टरचा दिवा पाहून आम्ही दोघांनी त्यांची माफी मागितली. "माफी राहू दे, आधी मशीनचं बघ," एवढेच त्या बोलल्या. त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही.

७. यानंतर मी आपल्याकडे पहिला अर्ज केला. वाहनविषयक तक्रार परिवहन कार्यालयाकडे करावी, असे आपण कळवले. परिवहन कार्यालयाने भिंत हे वाहन नसल्याचे तोंडी सांगितले. मी दुसरा अर्ज केला. त्यावर आपण अर्थिंगचा फोटो मागवला. जे नाही त्याचा फोटो कसा काढावा, याचा आम्ही घरी पुष्कळ विचार केला. अखेर यजमानांनी रिकाम्या भिंतीचा फोटो काढला आहे, तो सोबत जोडला आहे. कृपया नीट पाहावा. त्यात काहीही दिसत नाही आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

८. मध्यंतरी चिटणीसांच्या पत्नीला फ्रिज उघडताना झटका बसून हातातले भांडे पडले. सुदैवाने इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो चिटणीस स्वतः पहार घेऊन अंगणात, आणि आपल्याच फरशा एकेक करून काढत होते. वरून दोघेजण खाली उतरले आणि घमेले धरू लागले. फ्यूजकाकांच्या देखरेखीखाली खड्डा तयार झाला, तांब्याची पट्टी आली, सर्व अठरा घरांच्या सह्या झाल्या. पहिली सही चिटणीसांची आहे. आता फक्त मीटरखोलीतील जोडणी बाकी आहे. त्या खोलीला आपल्या कार्यालयाचे सील आहे. ते तोडण्याची काकांची तयारी होती. मी त्यांना आवरले आहे, पण किती दिवस आवरता येईल सांगता येत नाही.

९. तरी आपण कर्मचारी पाठवून सील उघडून द्यावे व जोडणी तपासून द्यावी, ही विनंती. गाडीचे मी कसेही निभावून नेईन. परंतु खड्डा उघडा आहे, आणि त्यात कोणी पडू नये म्हणून सासूबाई कालपासून त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आहेत. साहेब आल्याशिवाय उठणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे. याला कृपया उपोषण समजू नये. त्या दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात आणि दुपारी झोपतात, तेव्हा खुर्ची चिटणीस सांभाळतात. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. अकरा वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही, त्यामुळे या वेळी त्या ऐकतील असे वाटत नाही.

आपल्या माणसाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
परिचारिका, सदनिका क्र. ७

दिनांक : १७ मार्च

सोबत :
१) अठरा घरमालकांच्या सह्यांचे पत्र
२) रिकाम्या भिंतीचा फोटो (दोन प्रती)
३) खड्ड्याचा फोटो. खुर्चीवर दिसतात त्या सासूबाई. फोटो काढताना त्यांनी हसण्यास नकार दिला.