ठमी मांजरीला फिरायला नेताना

जागृती,

पट्टा बांधला की ठमी जमिनीला चिकटते. तिला ओढू नकोस. काल मी ओढलं तर पट्ट्यातून मागे निसटली आणि गाडीखाली जाऊन बसली. माझ्याच्याने आता होत नाही. दाराबाहेर उचलून ने, कुत्रा दिसला तर कडेवर घे. सुकट डबीत आहे.

तुझी आई "चल गं माझे बाय" म्हणायची, मग ठमी शेपटी वर करून निघायची. मीही तसं म्हणून बघितलं. ठमी माझ्यामागून कोण येतंय ते बघत बसली.

तुझा आवाज अगदी आईसारखा आहे. तू म्हण, ती उठेल. पण ते ऐकून मला घरात राहवणार नाही, म्हणून मी खाडीवर गेलोय. तुम्ही खाली उतरलात की मिस्ड कॉल दे, मग येतो.

बाबा