हवेतली रेघ

होबार्ट, ११ फेब्रुवारी

प्रिय कॉर्विनदादा,

मी मजेत आहे. तिकडे डार्विनमधला उकाडा तुला मानवतोय ना? बाबांचा गुडघा बरा आहे, टोमॅटोही भरपूर लागलेत.

आमच्या कारखान्यातली गंमत ऐक. एक मीटर उंचीचा गोल, तरंगता बोया समुद्रात सोडायचा होता. तो किती बुडेल तिथे रेघ मारायची, ते गणित माझं. समीकरण सरळ सुटत नाही. एक अंदाज धरायचा, आलेखाच्या तिथल्या उतारावरून पुढचा काढायचा, असं करत उत्तराशी पोचायचं. मी शहाणी शून्यापासून निघाले. शून्यावर उतारच नाही, म्हणून केसभर पुढे सरकले. गणिताने जी उडी मारली, ती थेट भलत्याच उत्तरावर. मी न बघता आकडा रंगकामाला पाठवला: सव्वा मीटर.

नोरीनबाई ब्रश घेऊन दारात. “पोरी, बोया मीटरभर. त्याच्याही पाव मीटर वर, हवेत रेघ मारू का?”

अख्खा कारखाना हसला. आमच्याकडे ज्याची रेघ चुकते त्याने सगळ्यांना केक खिलवायचा, तोही झाला. मग मी मुकाट्याने जुनी रीत धरली. एका टोकाला कोरडा बोया, दुसऱ्या टोकाला पुरता बुडालेला, उत्तर यांच्यामध्येच. मध्य घ्यायचा, निम्मं सोडायचं, पुन्हा मध्य. गोगलगायीची चाल, पण वाट चुकत नाही. सत्तर सेंटिमीटर निघाले. बोया पाण्यात सोडला तेव्हा पाणी बरोबर रेघेला टेकलं आणि नोरीनबाईंनी मला मिठी मारली.

हे पत्रही मी शून्यापासूनच सुरू केलं, बघ. उकाडा, गुडघा, टोमॅटो. पुढे सरकेना.

तर, या नोरीनबाई त्याच. आई गेल्यावर वर्षाच्या आत बाबा ज्यांच्याबरोबर फिरायला लागले म्हणून तू दार आपटून गेलास, त्याच. दादा, मलाही तेव्हा राग आला होता. पण त्या बाबांना हसवतात, आणि आईचा फोटो दर रविवारी त्याच पुसतात. सात मार्चला दोघं लग्न करताहेत.

तू आनंदाने नाचावंस असं मी म्हणत नाही. फक्त ये. मागच्या बाकावर तोंड फुगवून बसलास तरी चालेल.

बाबा तुला बोलावणार नाहीत, घाबरतात. काल मी विचारलं, “लग्नात तुमच्या शेजारी कोण उभं राहणार?” ते टोमॅटोला पाणी घालत म्हणाले, “बघू. त्या जागेसाठी अजून कुणाला सांगितलं नाही.”

तुझी आणि त्यांचीही,
टेगन