साकव नसल्याचा दाखला

खालची वाडी, संगमेश्वर
आषाढ वद्य पंचमी

चिरंजीव दत्ताराम यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. एकसष्टाव्या वर्षी ‘चिरंजीव’ जरा जादाच होतं, पण तुला तसं म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा सोसून घे. बदलापुरात तुझे गुडघे काय म्हणतात? स्वानंदीची साखर ताब्यात आहे ना? (तुझ्या बायकोचं नाव पत्रात आलं नाही की ती दिवाळीपर्यंत लक्षात ठेवते, म्हणून आधीच लिहिलं.) मी ठणठणीत आहे.

तर हकिकत अशी. आपल्या पऱ्यावरचा साकव तुला आठवत असेल. ओढ्यावर आडवी टाकलेली पोफळीची दोन खोडं, धरायला एक बांबू. दर ज्येष्ठात वाडीतला रघू तो बांधतो आणि भाद्रपदाच्या आत पऱ्या तो समुद्राला पोचवतो. वाडीचं म्हणणं पडलं की आता पक्का हवा, आणि अर्ज बाईंनीच लिहावा. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलेली. झोकात लिहिलं, ‘आमच्या वाडीचा साकव जीर्ण झाला असून नवीन साकव मिळावा.’ महिन्याने उत्तर आलं, ‘वाडीस साकव उपलब्ध असल्याने मागणी निकाली काढण्यात येत आहे.’

मी तडक कचेरी गाठली. तिथला कारकून गुरुप्रसाद, माझाच विद्यार्थी (सहावीत दोनदा होता, त्यामुळे माझं शिकवणं त्याने इतरांपेक्षा जास्त ऐकलं आहे). त्याने अदबीने खुर्ची दिली आणि मला मराठी शिकवलं. म्हणाला, बाई, साकव म्हणजे सिमेंटचा, वरून रिक्षा गेली पाहिजे. मी म्हटलं, अरे, माझ्या आजोबांच्या वेळी साकव म्हणजे लाकडाचा. मग जांभ्या दगडाच्या कमानीलाही लोक साकव म्हणू लागले, पुढे लोखंडी सांगाड्यालाही म्हणाले. शब्दाने एवढं सोसलं, त्यात आमची दोन खोडं जड झाली का? तो म्हणाला, “बाई, शब्दकोशात काय ते असू दे, आमच्या तक्त्यात खोडं नाहीत. तुम्ही ‘साकव नाही’ असं लिहा.” लिहिलं. ग्रामसभेत त्याचा ठराव मोठ्याने वाचला गेला, आणि तिथे घोटाळा झाला.

रघू मागे बसला होता. उठून एवढंच म्हणाला, “साकव नाही? मग बत्तीस वर्षं मी काय बांधत होतो, बाई?” आणि निघून गेला. या ज्येष्ठात त्याने खोडं आणलीच नाहीत. आमचा अर्ज अक्षरशः खरा झाला. इतरांनी बांधून पाहिलं, ते दुसऱ्या सरीलाच गेलं. मला पेन्शन आणायला तीन किलोमीटरचा वळसा पडू लागला, तरी मी ताठ होते. चूक कचेरीची, मी का वाकू?

मग वाडीतल्या यमुनाबाईंना ताप चढला. ऐंशी पार केलेल्या. चौघांनी खुर्चीत बसवून त्या वळशाने चिखलातून रस्त्यावर नेल्या, आणि चौघांत पुढे रघू होता. मी मागून छत्री धरून चालले होते. त्या कण्हत होत्या, तो पाय जपून टाकत होता, आणि दत्ताराम, मला स्वतःची लाज वाटली. (यमुनाबाई वाचल्या. आता दवाखान्यातल्या पेजेला नावं ठेवतात.) परतताना मी म्हटलं, रघू, चुकलं माझं. तो म्हणाला, “लेखी द्या.” दिलं. ‘रघू याने बत्तीस वर्षं बांधला तो साकवच होय, याबद्दल दाखला.’ खाली माझी सही आणि शाळेचा जुना शिक्का (तो मी परत केला नव्हता, बोलू नकोस). दुसऱ्या दिवशी साकव उभा.

तिसऱ्या दिवशी पाहणीला राही नावाची तरुण इंजिनीयर आली. त्या साकवावरून बसत-सरकत अलीकडे आली आणि म्हणाली, आता साकव नसल्याचा फोटो काढायचा आहे. मी रघूकडे बघायचं टाळलं. पण त्याने स्वतःच दोऱ्या सोडल्या, खोडं काठावर ओढली, आणि फोटो होईपर्यंत त्यांच्यावर बसून राहिला. तेवढ्यात वरच्या अंगाला पाऊस कोसळला, पऱ्या फुगला, वळशाची वाटही पाण्याखाली गेली आणि इंजिनीयर इकडेच अडकली. संध्याकाळपर्यंत तिने माझ्याकडे घावन खाल्ले आणि रघूला विचारून घेतलं, पाणी कुठवर चढतं, कातळ कुठे लागतो. नकाशातली जागा तिने खोडली आणि दरसाल रघू बांधतो तीच धरली. तिथे दोन्ही काठांना कातळ आहे. नकाशाला ते ठाऊक नव्हतं.

काल गुरुप्रसादचा फोन आला, साकव मंजूर होईल. मी रघूला सांगितलं. तो म्हणाला, “मग माझ्यावाल्याला आता काय म्हणायचं?” चौतीस वर्षं मराठी शिकवली, आता शब्दकोश पुन्हा उघडला आहे.

घरी सर्वांना यथायोग्य सांग. गणपतीला येच.

तुझी ताई,
वासंती

ता. क. – रघूच्या जागेचा पलीकडचा काठ सातबाऱ्यावर तुझ्या नावाचा निघाला. तुझं संमतिपत्र लागतं.

ता. क. २ – ते मी कालच दिलं. घाई होती, म्हणून तुझी सही मीच केली. बुधवारी राही तुला फोन करेल, तेव्हा ‘सही माझीच आहे’ एवढं तिला सांग. गणितात नापास व्हायचास तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं, ते स्वानंदीला अजून ठाऊक नाही.