भुजंगची मिशी

मुदखेड, ९ जानेवारी १९४५
भुजंग आज नांदेडच्या जेलातून सुटला. बैलचोरी, दोन वर्षं. स्टेशनवरूनच त्याला माझ्या दवाखान्यात आणलं, कारण फलाटावर बसवंत टपून बसलेला! सुटलेला माणूस दिसला की हा त्याला भजी खाऊ घालतो, आणि महिन्याभरात मालगाडीचे डबे फोडायला नेतो.

माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या पंधरा दिवसांत अंगाची खाज थांबली, पोटात अन्न गेलं, हाताला काम मिळालं, तर माणूस परत आत जात नाही. सहा जण झाले, सहाही बाहेर आहेत. ठाण्याचे अमीनसाब हसतात. हसू देत.

१० जानेवारी
डोक्यात उवा, ओठावर गजकर्ण. मलम लावायचं तर केस-मिशी दोन्ही उतरवायला हवीत. डोक्याला तयार झाला, मिशीला हात लावू देईना. "बाप जित्ता हाय माजा, डाक्टरसाब."
मी म्हटलं, गजकर्णाला बाप कळत नाही. न्हाव्यापुढे बसवलाच.

१८ जानेवारी
गजकर्ण सुकलं. मी सांगितलंच होतं.

१९ जानेवारी
भुजंगला कापसाच्या जिनिंगवर कामासाठी नेलं. मुनीम गुरुपादप्पा सुटलेल्या माणसाला दारात उभं करत नाहीत. पण त्याचा गोटा आणि कोरा ओठ पाहून त्यांचा आवाजच खाली आला. "वडील गेले का रे?"
भुजंग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "हो, गेले."
उद्यापासून ये म्हणाले. जेलचं नावही निघालं नाही. वाटेत भुजंग कोऱ्या ओठावर हात धरून चालला. मी मात्र खुशीत — सात झाले!

२ फेब्रुवारी
बसवंत जिनिंगच्या फाटकाशी आला होता. भुजंगने त्याला हाकलून दिलं.

६ फेब्रुवारी
भुजंगचा बाप, ग्यानोबा, जळकोटहून तीन दिवस चालत आला. थेट फाटकावर गेला, भुजंगला भेटायचंय म्हणाला. मुनीमजी म्हणाले, बिचाऱ्याचा बाप नुकताच गेलाय, जपून बोला. तुम्ही कोण?
"मंग म्या म्हनलं, चुलता हाय त्याचा."
हे त्याने माझ्यासमोर बसून सांगितलं. मला मान वर करवेना. उठलो, म्हटलं, आत्ता जाऊन खरं काय ते सांगतो.
म्हाताऱ्याने माझा हात धरला. "नगा, साब. काम जाईल त्याचं."