घंटेमुळे राहिलेलं उत्तर

गुरुवार, ता. ११, सकाळ

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो आणि मी गुडघ्याच्या. तुझी लेक भिंगरी वेळेवर शाळेत जाते, वेळेवर येते. खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. बाकी विशेष काही नाही.

विशेष नाही, असं लिहिलं आणि हात थांबला.

मंगळवारी शाळेत गेलो होतो. हो, माझ्याच जुन्या शाळेत! तिथे दहावीच्या वर्गावर दवाखान्यातल्या नर्सबाई येतात. वयात येणं, मैत्री, प्रेम आणि कुठे थांबायचं, हे शिकवतात. आमच्या वेळी पुस्तकातलं हे पान ‘घरी वाचा’ म्हणून उलटलं जायचं. बाईंनी एक संवाद लिहिला होता. मुलगा गळ घालतो, मुलगी नकार देते. मुलाचा भाग वाचायला एकही मास्तर तयार होईना. गणिताच्या सरांचा घसा बसला, खेळाचे सर तर मैदानावरूनच दिसेनासे झाले. मग हेडबाईंना मी आठवलो. “मास्तर, तुमच्या आवाजाला तोड नाही,” म्हणाल्या. झालं, मी फुगलो. जन्मभर त्याच वर्गात कविता म्हटल्या. आत पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, भिंतींना अजून चाली आठवत असतील.

भिंगरी तिसऱ्या बाकावर होती. “आबा आलाय, आता माझी वाट लागणार,” असं मैत्रिणीला म्हणाली. ऐकू आलं नाही, दिसलं. कान मंद झाल्यापासून मी लोकांच्या ओठांवरच भागवतो, तुला ठाऊकच आहे.

बाईंनी आधी सांगितलं, “या वयात थांबायचं ठरवलं म्हणून कुणी मागास ठरत नाही. ज्याचं प्रेम असतं तो थांबतो. जो रुसतो, धमकावतो, त्याला तुम्ही नको असता, फक्त तुमचा होकार हवा असतो.” मागून कुणीतरी शीळ घातली. “छान वाजवतोस, आता उभा राहून वाजव,” बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

मी वाचू लागलो. “माझ्यावर विश्वास नाही का? सगळेच करतात. एवढंही केलं नाहीस तर मी समजेन, तुझं प्रेमच नव्हतं.” पोरं खिदळत होती, म्हणून मी आणखी लाडात वाचलं.

आणि भिंगरीचे ओठ हलताना दिसले.

ताई, कविता पाठ असलेल्या पोराचे ओठ मी लांबून ओळखतो. मास्तर ओळ म्हणत असतो आणि ते नकळत ओळीच्या पुढे गेलेलं असतं. भिंगरी माझ्या पुढे जात होती. तो कागद बाईंनी त्याच सकाळी लिहिलेला. कुणी पाहिलाही नव्हता. मी वाचलं, “घरी कुणी नाहीये.” तिचे ओठ म्हणाले, “शनिवारी.”

कागदावर शनिवार कुठेच नव्हता.

पुढे मुलीचं उत्तर होतं. ते वाचायच्या आत घंटा झाली.

आता जे टाळत होतो ते लिहितो. समोरच्या झाडाखाली मोटारसायकल लावून एक तरुण उभा असतो, कुणाची तरी वाट पाहतो, असं मागच्या पत्रात मी किती कौतुकानं लिहिलं होतं! एकदा तर मी त्याला खिडकीतून हात केला. तो शाळकरी नाही गं, चांगला दाढीमिशीचा बाप्या आहे. आणि तो वाट पाहत नव्हता, नजर ठेवत होता. तो आला की भिंगरी खिडकीशी फिरकायची नाही. मला वाटायचं, लाजते. लाजणं कुठलं आणि भिणं कुठलं, एवढं मला कळलं नाही, आणि म्हणे मी कविता शिकवल्या.

काल नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “ओरडू नका, फोन हिसकावू नका. तिचं सांगणं थांबेल, जाणं थांबणार नाही. आईला बोलावून घ्या. तो माणूस मोठा आहे. त्याचं काय करायचं ते आपण मोठ्यांनी बघायचं, तिच्यावर टाकायचं नाही.” हेडबाईंच्याही कानावर घातलं आहे. येताना तो कागद मागून आणला.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होतो, तर भिंगरी येऊन बसली. “आबा, ती मुलगी शेवटी काय म्हणते रे?”

“तूच वाच की. मी मुलाचं वाचतो.”

इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आपल्याच नातीला गोड आवाजात गळ घालायची! उत्तराशी आली की तिचा आवाज आत जायचा. शेवटी एकदा म्हणाली, “नाही. मी येणार नाही. आणि कारणही सांगणार नाही.” मग कागदाकडे न बघता विचारलं, “तो चिडला तर?”

“मग आम्ही आहोत ना.”

“कोण आम्ही? तुला तर ऐकूसुद्धा येत नाही,” म्हणाली. हसली, आणि हसता हसता रडू लागली.

फोन केला असता, पण माझं फोनवरचं बोलणं शेजारच्या गल्लीत जातं आणि तिच्या माझ्यामध्ये एक पातळ भिंत आहे. समोरच्या घरातला ड्रायव्हर आज दुपारी तुझ्या गावाकडे निघतोय, त्याच्याकडे हे देतो. कारखान्यात पाळी बदलून घे आणि उद्या रात्रीपर्यंत ये. रागावून येऊ नकोस. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

झाडाखाली आत्ता कुणी नाही. दर ओळ संपली की बघतो आहे.

ती दारात येऊन उभी राहिली आहे. म्हणते, “आबा, परत एकदा. या वेळी जरा रागानं वाच.”

मी वाचायला जातो. तू नीघ.

तुझा भ्यालेला,
बाबा