पेटीवाचून योना

३ सप्टें., मंगळवार. तळेगाव
फ्लोरा आत्यांचा फोन. "नोमी, लोणावळ्याच्या मलिद्याच्या कार्यक्रमाला यंदा योना संदेष्ट्याचं कीर्तन तू करायचं. तुझे पप्पा गेल्यापासून आपल्या बेने इस्राएलांत कुणी उभंच राहिलं नाही. तू नाही म्हणालीस तर संपलंच ते." हो म्हणून बसले.

८ सप्टें., रवि.
कॅसेट लावून पप्पांच्या चाली बसवतेय. पेटीला इंदुरीचे गायकवाडभाऊ. एरवी भीमगीतं वाजवतात, आमच्या चाली एका बैठकीत उचलल्या. गळा माझाच वर जात नाही.
"ताई, पट्टी खाली घिऊ का? लय ताणताय."
नको म्हटलं. पप्पांची पट्टी ती पप्पांची पट्टी.

१५ सप्टें., रवि.
आत्यांसमोर तालीम. पप्पांचं खाकरणं, हात झटकणं, सगळं उतरवलं. आत्या रडल्या. "हुबेहूब माझा भाऊ." वर गव्हाच्या चिकाचा हलवा दिला डबाभर.
घरी येऊन उगाच चिडचिड. लहानपणी नकला केल्या की पप्पा रागवायचे. आता त्यांचीच नक्कल केली म्हणून हलवा!

१८ सप्टें., बुध.
कॅसेटमध्ये पप्पा सांगतात ती जुनी शिकवण: टांकसाळीत एका साच्यातून नाणी काढली की सगळी सारखी. देव एकाच आदामाच्या साच्यातून माणसं काढतो, पण एकासारखं दुसरं नाही. म्हणून प्रत्येकानं म्हणावं, हे जग माझ्यासाठी घडवलं.
अल्बर्टला ऐकवलं. नवरा म्हणून काही बोलावं ना? म्हणे, "मग तू कशासाठी घडलीस?"
"तुझ्या डब्यासाठी."
हसलो दोघं. प्रश्न मात्र गेला नाही. मी पप्पांसारखी झाले, तर माझ्यासारखं कोण होणार?

२२ सप्टें., रवि.
काल शब्बाथ, आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा, लिहायचंही नाही, म्हणून आज लिहितेय. काय काल!
लोणावळ्याचा बंगला गच्च भरलेला. मलिदा तयार, गूळखोबऱ्यात कालवलेल्या पोह्यांचा वास सगळीकडे. पण शब्बाथ संपल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, आणि आत्यांच्या हिशेबी तीन तारे दिसल्याशिवाय शब्बाथ संपत नाही. बाहेर धुकं असं की फाटकसुद्धा दिसेना. कॅलेंडरात छापलेली शब्बाथ संपायची वेळ कधीच उलटलेली. पण आत्यांना सांगणार कोण?
गायकवाडभाऊ म्हणाले, "आत्याबाई, ह्या धुक्यात तारं कुटनं दिसायचं? मी वाजवतो की. मला कुटं बंदी हाय?"
"आमच्यासाठी वाजवणार, म्हणजे आम्हीच वाजवल्यासारखं."
पेटी नाही तर मला पप्पांचा सूर लागत नाही. पोरं भुकेनं किरकिरायला लागली. म्हटलं, तारे येईपर्यंत नुसती गोष्ट सांगते. देव म्हणतो निनवे शहरात जा, तिथल्या लोकांना बजाव, योना निघाला भलतीकडे. वादळ आलं, हा जहाजात झोपलेला. तांडेल उठवायला आला तो थेट इंदुरीहून: "अरं योना, आमी हितं बुडाय लागलो आन् तू घोरतुयास व्हय?" सगळ्यांत मोठ्यानं हसले भाऊच. माशाला मी आम्लपित्त लावलं.
मग योना माशाच्या पोटात. तिथं नक्कल आपोआप गळाली. माझ्या खालच्या आवाजात बोलले, "देवा, निनवेला दुसरं कुणीही चाललं असतं. मलाच का?" किरकिरणारी पोरं पुढं सरकली. आकाशाकडे बघायला कुणी उठेना.
फार आनंद झाला. इतका की नंतर मलिद्याचं ताट हातात घेऊन रडत होते, आणि अल्बर्ट लोकांना सांगत होता, तिला सर्दी झालीये.
आत्या मात्र एकदाही हसल्या नाहीत. निरोप न घेताच गेल्या.

२४ सप्टें., मंगळ.
दोन दिवस आत्यांना फोन करायची हिंमत झाली नाही. आज त्यांचाच आला.
"तमाशा केलास. माझा भाऊ कुठंच नव्हता त्यात."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"पण योना का पळाला, ते इतक्या वर्षांत त्या रात्री कळलं मला." आणि लगेच पुढं, "पुरीमच्या सणाला एस्तेर राणीचं कीर्तन करशील?"
"कसं करू? पप्पांसारखं?"
"मला काय विचारतेस." फोन ठेवला.
कणीक मळता मळता एस्तेरच्या गोष्टीतला राजा करून बघितला. झकास जमला, जरा बायकोला घाबरणारा. प्रधानही आला. राणी काही अजून बोलत नाही. पुन्हा मळायला घेते.