काठी लागायच्या आधीच पडलेला प्रेमसिंग

मोठा तांडा, गोरेगावजवळ
होळीनंतरचा सहावा दिवस, २००३

सहा होळ्या झाल्या लालसिंगभाऊजी, तुमी मला येड्यात काढून राहिले, आणि सगळ्या तांड्याला ठाऊक, एक मला सोडून. काहून? हे पहिलेच लिहून टाकलं. राम राम घालून सुरुवात केली असती तर तुमच्या तब्येतीची चौकशी करता करता माझा राग निवला असता, आणि यंदा तो निवू द्यायचा न्हाई.

आता राम राम. दिराला चिरंजीव लिहायचं की तीर्थरूप, हे साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलं न्हाई (वर्ग 'घर', 'नळ' आणि सही इथपर्यंत पोचला, मग कंदिलातलं राकेल संपलं आणि वर्गपण. बाकीचं मी किराण्याच्या पुड्या वाचून शिकले). म्हणून भाऊजीच म्हणते. माझी तब्येत बरी आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू शिबिरात काढला, उजवा अजून ढगात आहे. गुडघे बसताना एक बोलतात, उठताना दुसरंच. पद्माबाईला आशीर्वाद सांगा. तिची कंबर कशी आहे ते कळवा, पण तिला विचारून कळवू नका, जाऊबाई कंबर मोडून पडली तरी बरी आहे म्हणून सांगल.

यंदाची होळी कशी झाली ते ऐका. तुमी डोंगरकड्याला मळ्यावर राहायला गेल्यापासून तांड्याची रीत विसरले असाल, म्हणून नव्या सुनेला सांगावं तसं पहिल्यापासून सांगते. धुळवडीला देवळासमोर खुंट ठोकला. त्याला गुळाच्या पुऱ्यांचं पितळी भगुणं बांधलं. बायांनी काठ्या घेऊन भोवती उभं राहायचं, बाप्यांनी मार खात आत शिरायचं आणि खुंट उपटून भगुणं पळवायचं. ऊन उतरेपर्यंत खुंट न्हाई उपटला तर बाया जिंकल्या. सालभर नवऱ्याचं, दिराचं, सासऱ्याचं जे काही बाई गिळते ते एका दुपारी बाहेर काढायची वाडवडलांनी केलेली ही सोय आहे (माझ्या मते वाडवडलांच्या बायांनी केलेली). खुंटाच्या अगदी जवळ जी उभी राहते तिच्या हाती सगळ्यात लांब काठी. एकतीस होळ्या ती काठी माझ्या हाती आहे आणि एकतीस होळ्यांत खुंट जागचा हलला न्हाई. हे तुमाला ठाऊक आहे, गोरेगावच्या बाजाराला ठाऊक आहे, आणि सेनगावच्या जीपमधी माझ्या शेजारी जो बसला त्याला तर आहेच, तो उतरेपर्यंत मी सांगत असते.

यंदा सकाळीच माझी सून निता लेकीसारखी म्हणाली, याडी, तुमी सावलीत बसा, काठी मी धरते. पोरीचे दंड बघितले तर नांगराला जुंपावी अशी आहे. पण मी म्हणाले, तू लाटणं धर. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढं म्हणाले, तुझ्या माहेरी बाया काठी धरतात ती म्हशी हाकायला. ती मान डोलावून चुलीकडं गेली. मला वाटलं घाबरली. तिला माझी कीव आली होती भाऊजी, आणि ज्याची कीव आली त्याचा राग येत न्हाई, हे मला दुपारी कळलं.

डफ वाजला, बाप्ये आले. पुढं प्रेमसिंग. तुरीची दोन पोती एका दमात जीपवर चढवणारा गडी, वाटेत बैल आडवा आला तर बैलच बाजूला होतो. आता सेवालाल बापूची शपथ घेऊन सांगते, मी काठी उगारली न्हाई. ऑपरेशनचा काळा चष्मा नाकावरून घसरला, तो वर करायला हात उचलला. काठी त्याच हातात होती. आणि माझ्यापासून तीन हात लांब असलेला प्रेमसिंग दोन्ही हातांनी डोकं धरून, अगं याडी मेलो गं, म्हणून धुळीत लोळला!

मला वाटलं फेफरं आलं. कांदा हुंगवा म्हणून ओरडणार, तेवढ्यात त्याच्या मागून हिरासिंग आला आणि तोही पडला. त्याला तर मी बघितलंसुद्धा नव्हतं, तो माझ्या ढगातल्या डोळ्याच्या बाजूनं येऊन राहिला होता. मग मी परीक्षा घेतली. नुसती खोकले. आणखी दोघं पडले. एक तर पडायच्या आधी खाली गोटा आहे का बघून, हातानं जागा झाडून पडला. आणि मागं माझा ओमप्रकाश, पोटचं पोरगं, लग्नातल्या वाढप्यासारखा हात हलवून सांगून राहिला, इकडून न्हाई, तिकडून पडा. पाच मिनिटांत देवळासमोर सगळे उताणे, जसं माझ्यातून कीड मारायचं औषध फवारलं. मी बायांकडं बघितलं. बाया जमिनीकडं बघून राहिल्या. निता भगुण्याकडं बघून राहिली. तेव्हा समजलं की ह्या खेळात एकच माणूस खरं खेळून राहिलं होतं, आणि ते येडं होतं.

इथून पुढचं लिहायला मला सहा दिवस लागले.

तेव्हाच काठी खाली ठेवायची होती. म्हणायचं होतं, उठा रे नालायकांनो, कपडे झाडा, म्हातारीला समजलं. तोंड माझं केवढं ते तुमाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी उघडलं न्हाई. उलट पडलेल्या प्रेमसिंगला मी आणखी एक हाणली (ती मात्र लागली. तो खरंच ओरडला, आणि खरं ओरडणं किती वेगळं असतं ते सहा होळ्यांनी माझ्या कानावर आलं). मग काठी डोक्यावर धरून नाचले. तांड्याच्या नायकानं फेटा बांधला, बांधू दिला. भगुण्यातली पहिली पुरी दिली, खाल्ली. दुसरी मागून खाल्ली. आणि सगळ्यांसमोर निताला म्हणाले, बघितलं का, आणखी दहा होळ्या ही काठी कुठं जात न्हाई. ती वाकून माझ्या पाया पडली. मला वाटलं जमीन फाटली तर बरं, पण आपल्याकडची जमीन फाटते ती भलत्याच वेळी. चोराला चोरी सापडल्यावर लाज वाटते. मी चोरी उघडी पडल्यावर ती पदरात बांधून वाजतगाजत घरी आणली. काहून असं केलं म्हणाल, तर तो फेटा डोक्यावर बसला की माझे गुडघे दुखत न्हाईत. दुसरं कारण सापडत न्हाई. शोधलं.

घरी आल्यावर ओमप्रकाशला ताटावर धरला (जेवताना बाप्या पळत न्हाई). भाकरी घशात अडकल्यावर बोलला, तुझ्यापुढं पडायचं हे काकानंच सगळ्यांना सांगून ठेवलंय. कोण काका? तुमी!

तुमचे थोरले भाऊ गेले त्या सालची होळी आठवा. मी उतरणार नव्हते. तुमीच दारात येऊन काठी हातात दिली, म्हणाले, वहिनी, तुमी नसाल तर आमी मार खायचा कुणाचा? मग खुंटापाशी आले, मी एक हाणली, कडकन आवाज झाला आणि तुमचा उजवा हात मोडला. (आता वाटतं तो आवाज बगलेत लपवलेल्या तुराटीचा असल. व्हय का?) मला किती वाईट वाटलं आणि खरं सांगू, किती बरं वाटलं. सालभरात पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवले. दीड महिना तुमी गळ्यात फडकं बांधून हात अडकवून फिरले. मी गाईचं तूप, हळदीचं दूध, गावरान अंडी पाठवत राहिले आणि तुमी मिशीला तूप लावून खात राहिले. तेव्हापासून बाजारात मी सांगते, दिराचा हात मोडणारी ती मीच. तुमी डोंगरकड्याला गेले तेव्हा मीच म्हणाले, दीर लाजेनं गेला. चारचौघांत म्हणाले. आता ते शब्द कुठून उचलून आणू?

माझा आजा बैलांवर मिठाच्या गोण्या घालून मुलूख फिरलेला. तो सांगायचा, तांड्याच्या पुढं चालणारा घंटेचा बैल म्हातारा झाला की त्याच्या गोणीतलं मीठ काढून भुसा भरायचे. गोणी दिसायला तेवढीच, घंटा तीच, मान तीच. मी विचारलं होतं, बैलाला कळत नसल का? आजा म्हणे, कळतं, पण चालतो. तेव्हा मला वाटलं आजा बैलाचं सांगून राहिला.

आता मी थांबायचं कसं, सांगा. जिंकून थांबावं तर ती जीत भुशाची. हरून थांबावं तर सगळ्या तांड्यात मला हरवायला एक बाप्या तयार न्हाई, जवळ गेलं की पडतात. निताला नुसतीच काठी द्यावी तर ती म्हणते, न्हाई याडी, तुमीच. भली माणसं फार तकलीफ देतात.

लेकरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
अनुसयाबाई (सही आहे, अंगठा न्हाई)

ता. क. — पुढच्या होळीला तुमी या. खरे अंगावर या. माझ्या डोळ्यादेखत, म्हणजे डाव्या डोळ्याच्या बाजूनं, खुंट उपटून न्या. तुमी एकसष्ट, मी सहासष्ट, जोड बराबर आहे. मग मी सगळ्यांसमोर निताच्या हातात काठी देईन आणि म्हशीचं बोलले ते परत घेईन. एवढ्यासाठीच हे पत्र आहे, बाकीचं वाचलं न्हाई तरी चालल.

ता. क. — पण मी सोडणार न्हाई. रोज सकाळी गोठ्यामागं कडब्याच्या पेंढ्यांवर हात बसवून राहिले. दोन पेंढ्या फुटल्या. डोक्याला काहीतरी जाड बांधून या.

ता. क. — सहा होळ्या गेल्या त्या गेल्या. त्याआधीच्या पंचवीस तरी खऱ्या होत्या का, तेवढं लिहा. खोट्या असल्या तरी लिहा. आणि उत्तर पद्माबाईनं लिहायचं न्हाई, ती मला बरं वाटल तेच लिहिते. हात मोडल्यापासून तुमची पत्रं तीच लिहिते. तुमाला कुदळ धरता येते आणि लेखणी न्हाई, हे सोंग मला तेव्हाच उमगायला पाहिजे होतं. उत्तर तुमीच लिहा, आणि उजव्या हातानं लिहा.